सोड्यावरचा अंगठा

केबल टीव्हीवरच्या दारूच्या थेट जाहिरातींना २००० साली बंदी आली, त्याला पाव शतक उलटलं. तिचे कुणी सोहळे केले नाहीत. आम्हा लेबलं करणाऱ्यांनी खरं तर पेढे वाटायला हवे होते.

त्याआधीचा बिनदारूच्या पेयांचा इतिहास भराभर उरकतो, कारण त्यात आमच्या धंद्याला फारसं काम नव्हतं. पुण्याच्या कॅम्पात अर्देशीर इराण्यांचा सोडा १८८४ पासूनचा. रास्पबेरीचा लाल रंग काचेतून दिसायचा, तेवढी ओळख पुरे. ताडीला पर्याय नीरा. पण ऊन चढलं की ती आंबते, म्हणून स्टॉलवरच्या ग्लासातच राहिली.

खरी धामधूम २००० नंतरची. मद्य कंपन्यांना एकाएकी सोडा, पाणी आणि गाण्यांचा पुळका आला. मॅकडॉवेल्सचा सोडा, किंगफिशरचं पाणी, रॉयल स्टॅगच्या सीडी! नाव तेच, अक्षरं तीच, तोराही तोच. आमची चंगळ झाली, नाही कशाला म्हणू? प्रेसमध्ये प्रूफ तिरकं धरून सोनेरी फॉइल नीट बसलंय का ते बघायचं, मशीनवाल्याशी हुज्जत घालायची, चहा प्यायचा.

अशाच एका कंपनीच्या साहेबांनी माझं प्रूफ टेबलावर पसरलं, ‘सोडा’ या शब्दावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, “आता बरोबर दिसतंय.” पुढच्या प्रूफात तो शब्द निम्म्यावर आला, त्याच्या पुढच्यात सोनेरीवर पिवळा. कायद्याला शब्द हवा होता. तो वाचता यावा ही साहेबांची जबाबदारी नव्हती. बिल त्यांनी वर्षभर थकवलं. कारण काय, तर सोड्याचं बजेट लहान असतं!

तेव्हा दारू सोड्याचं सोंग घ्यायची. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा छुप्या जाहिरातींना मनाई केली, पण तोवर सोंग उलटं फिरलं होतं. आता बिनदारूचं पेय दारूचा वेष चढवतं. बिअरच्या ०.० आवृत्त्या बघा: बाटली तीच, रंग तेच, शून्य तेवढं वाढवलेलं. अन्नसुरक्षेच्या नियमांत ०.५ टक्क्याहून जास्त अल्कोहोल असेल तरच पेय मद्य ठरतं. म्हणजे थाट सगळा दारूचा आणि वैधानिक इशाऱ्यातून मात्र सुटका.

परवा मुंढव्यातली काही पोरं असंच काम घेऊन आली. “सर, हातात घेतल्यावर व्हिस्कीच वाटली पाहिजे.” विकत कोण घेणार, विचारलं. म्हणे, दारू सोडलेले लोक. अवचट दांपत्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून याच शहरात आहे. तिथून बरा होऊन गेलेल्याच्या फ्रिजमध्ये व्हिस्कीच्या रूपातली बाटली बायको ठेवू देईल का, एवढं तिला विचारून या म्हटलं. ती त्यांच्या ‘टार्गेट ग्रुप’मध्ये बसत नव्हती.

मी कोकमाच्या रंगाचं, पारदर्शक काचेतलं, ठेंगण्या बाटलीचं डिझाइन पाठवलं. “छान आहे, पण सरबत वाटतं,” असं उत्तर आलं. अहो, मग ते आहे काय?