मुलाखतीआधी घरचा हिशेब

हरभऱ्याच्या काढणीच्या दिवसांत बिलोली तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. काम आटोपून ओट्यावर चहा घेत असता घरधनी म्हणाले, "साहेब, पोरीला हैदराबादहून मुलाखतीचं बोलावणं आलंय. जरा तिला विचारून बघा की."

मुलगी परभणीच्या कृषी विद्यापीठाची पदवीधर. आपल्याकडे बी.एस्सी. ॲग्रीचा प्रवेश सीईटीच्या गुणांवर होतो, मुलाखत नसते. त्यामुळे हुशार मुलंही पुढे याच ठिकाणी अडखळतात. हैदराबादच्या राजेंद्रनगरात 'मॅनेज' ही राष्ट्रीय संस्था आहे. कृषी पदवीधरांसाठी तिथे १९९६ पासून कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. आधी 'कॅट' परीक्षा, मग गटचर्चा, निबंध आणि मुलाखत. मुलं देशभरातून येतात.

पोरीने इंग्रजीत पाठ केलेली ओळख धडाधड म्हणून दाखवली. त्यात नेतृत्व होतं, ध्येय होतं; शेत मात्र एका वाक्यात संपलं. मी विचारलं, "सोयाबीन एकरी किती झालं? कितीला विकलं?" ती वडिलांच्या तोंडाकडे पाहू लागली.

मुलाखत घेणारे इथेच बोट ठेवतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलला ५३२८ रुपये जाहीर झाली होती. मग तुमच्या घरी कमी भावाने का दिलं? याचं उत्तर तिच्या वह्यांत नव्हतं, वडिलांपाशी होतं. आधारभूत भावाला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, यांचा माल ओला होता, आणि कृषी केंद्राची उधारी दिवाळीपुढे थांबणार नव्हती. एवढं साध्या शब्दांत सांगता आलं तर पाठ केलेल्या दहा उत्तरांना भारी आहे.

"बिलोलीची म्हटल्यावर बाभळीचा बंधाराही विचारतील," मी म्हणालो. शेजारच्या धर्माबाद तालुक्यातला गोदावरीवरचा हा बंधारा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात. म्हणजे पाणी अडवायचं ते पावसाळा सरल्यावर. आपली अडचण जरूर सांगावी, पण खाली श्रीरामसागराच्या पाण्यावर पिकवणाऱ्याची बाजूही सांगता यावी. कोण जाणे, समोर बसलेला माणूस तिकडचाच असायचा!

घरात तेलुगू बोलतात हे पोर लाजून लपवत होती. अहो, सीमेपलीकडच्या शेतकऱ्याशी ज्याला बोलता येतं, त्याची तर अशा धंद्यात गरज असते.

माझ्या उमेदीतली गोष्ट. एका मुलाखतीत पिकावरच्या एका रोगाविषयी विचारलं. येत नसताना ठोकून दिलं. पुढच्या तीन प्रश्नांत घाम फुटला आणि जागा गेली. "माहीत नाही, साहेब" एवढं म्हणायला काय लागलं असतं?

दिवेलागणीला बापलेक वही घेऊन बसले. बियाणं, खत, फवारणी, मळणी, भाडं असा एकरी खर्च मांडला, बेरीज केली. बऱ्यापैकी नफा दिसला. आई चुलीपुढून म्हणाली, "निंदणीला मी अन् तुझी काकी होतो. आमची मजुरी धरली का?"

पोरीने बेरीज खोडली आणि नवं पान काढलं.