वर बर्फ कडक, खालचा कप्पा कोमट



या पानावर एरवी बेणे, खते, पाणी यांचीच चर्चा असते. या वेळी फ्रीजविषयी लिहितो आहे, त्याला कारण तसेच घडले. लागणीच्या नोंदी घेत फिरताना एका सभासदांकडे चहाला थांबलो. त्यांच्या मातोश्रींना मधुमेह. इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, आणि तो कप्पा चक्क कोमट! वर मात्र बर्फ दगडासारखा.

"साहेब, दोनदा गॅस भरला. आता कारागीर म्हणतोय कॉम्प्रेसरच बदला," ते म्हणाले.

मध्ये कधी फ्रीज बंद होता का, असे विचारले. तर वादळात दोन दिवस वीज नव्हती आणि त्यानंतर आठवडाभर फ्रीज झकास चालला होता. मला शंका आली ती इथेच. गॅस गळाला असता तर नुसते बंद ठेवून फ्रीज सुधारला नसता.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये गार होणारी कॉइल मागच्या पडद्याआड असते. पंखा तिच्यावरचा गार वारा खाली ढकलतो. कॉइलवर साचलेले हिम वितळवायला ठरावीक काळाने हीटर लागतो. कॉइल किती तापली, हे तिला लावलेला छोटा सेन्सर सांगतो. तो बिघडून खोटेच 'तापली' म्हणू लागला, की हीटर लगेच बंद होतो. हिमाचा थर वाढून वाऱ्याची वाट बुजते. पाट गवताने तुंबला म्हणजे मोटर चांगली असूनही शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, तसेच हे.

तपासणी सोपी आहे, पण वायरमनकडूनच करवून घ्यावी. आधी पिन काढायची. सेन्सर सोडवून बर्फ-पाण्याच्या पेल्यात पाच मिनिटे बुडवायचा आणि मीटर लावायचा. 25 अंशांना 10 किलो-ओहम दाखवणारा सेन्सर 0 अंशाला साधारण तिप्पट दाखवतो. (5 किलो-ओहमचेही असतात, आपल्या मॉडेलचा आकडा पाहून घ्यावा.) या घरी आकडा बर्फातही जवळपास जागचा हलला नाही. सेन्सर बदलला, काम झाले. सेन्सर ठीक निघाला, तर हीटर आणि त्याचा फ्यूज तपासावा.

एक मात्र करू नका. साचलेला बर्फ सुरी-विळ्याने खरवडू नका. कॉइलला भोक पडले तर मग खरोखरच गॅस जाईल.

त्या बाटल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका, असे सांगून आलो. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत राहावे लागते आणि गोठले तरी वाया जाते. ज्यांच्या घरी असे औषध आहे, त्यांनी खालच्या कप्प्यात एक साधा फ्रीजचा थर्मामीटर ठेवावा.