मताची किंमत

मतपत्रिका गुप्त असते; परंतु लोकनायकाला आपलें मत गुप्त ठेवण्याची सवलत क्वचितच मिळते. अमेरिकेंतील कामगारपुढारी जॉन एल. लुईस यांनीं १९३६ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांना खाणकामगार संघाचा पैसा व पाठबळ दिलें होतें. त्याच लुईस यांनीं ता. २५ ऑक्टोबर १९४० रोजीं रेडिओवरून भाषण करून, पुराणमतवादी रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार व एका वीजकंपनीचे माजी अध्यक्ष वेंडेल विल्की यांस पाठिंबा जाहीर केला!

कारणेंही त्यांनीं सांगितलीं : रूझवेल्ट राष्ट्राला युद्धाकडे नेत आहेत, आणि तिसऱ्या खेपेचें अध्यक्षपद म्हणजे एका हातीं अमर्याद सत्ता. रूझवेल्ट विजयी झाल्यास, कामगारांनीं आपला सल्ला झिडकारला असें समजून सी. आय. ओ. या कामगार महासंघाचें अध्यक्षपद सोडूं, असेंही त्यांनीं बजावलें. बहुसंख्य कामगारांनीं रूझवेल्ट यांनाच मतें दिलीं; लुईस यांनीं नोव्हेंबरांतच पद सोडलें.

विल्कीही ब्रिटनला मदत देण्याच्या बाजूचे होते. तेव्हां युद्धाच्या भीतीनें त्यांची निवड करणें तर्कशुद्ध नव्हतें, हें मान्यच केलें पाहिजे. परंतु मत, त्याचें कारण आणि त्याची किंमत या तिन्ही गोष्टी मतदानापूर्वींच लोकांपुढें मांडणारा, व पराभवानंतर ती किंमत मुकाट्यानें चुकविणारा पुढारी कोणत्याहि पक्षांत विरळाच.