एका रायफलीची खरी किंमत

‘अमुक हजार रायफलींसाठी तमुक कोटींचा करार’ अशी बातमी वाचली की आपले मन नकळत भागाकार करू लागते. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने अमेरिकेतील सिग सावर या कंपनीशी ७२,४०० ‘सिग ७१६’ रायफलींचा करार केला. त्याची रक्कम सुमारे ६४७ कोटी रुपये होती, म्हणजे एक रायफल साधारणतः ८९ हजारांना पडली. डिसेंबर २०२१ मध्ये ६,०१,४२७ ‘एके-२०३’ रायफलींचा करार झाला. त्याची रक्कम पाच हजार कोटींहून अधिक होती. भागाकार ८३ हजारांच्या पुढे जातो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दुसरा व्यवहार किंचित स्वस्तात झाला, असे वाटते. हा निष्कर्ष घाईचा ठरेल.

पहिले कारण असे की, हे दोन करार एका जातीचे नाहीत. सिग ७१६ ही तयार स्थितीत आयात केलेली रायफल आहे. आघाडीवरील तुकड्यांची गरज तातडीची होती, म्हणून जलद खरेदीची वाट निवडली गेली. एके-२०३ मात्र उत्तर प्रदेशात अमेठीजवळच्या कोरवा येथे भारत-रशिया संयुक्त उपक्रमात तयार होते. तेथे शस्त्राबरोबर ते घडवण्याचे तंत्र आणि कौशल्यही यावे, ही अपेक्षा आहे. बाजारातून आणलेले पीठ आणि दारात बसवलेली गिरणी यांचा भाव एकाच तराजूत तोलता येत नाही.

दुसरे कारण काडतुसाचे. बातमीत ते सहसा येत नाही. खर्चाचा मोठा वाटा मात्र तेथेच असतो. एक काल्पनिक हिशेब मांडून पाहा. एक सैनिक सरावात वर्षाला २०० गोळ्या झाडतो, एका काडतुसाची किंमत ५० रुपये आहे आणि रायफल २० वर्षे सेवेत राहते, असे समजा. काडतुसांचा खर्च दोन लाख होतो, म्हणजे रायफलीच्या दुपटीहून अधिक! हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत; ते बदलून पाहिले तरी खर्चाची दिशा ध्यानात येईल.

भारतीय पायदळाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत आराखडा तयार झालेली ‘इन्सास’ ५.५६ × ४५ मिमी काडतूस वापरते. सिग ७१६ ला ७.६२ × ५१ मिमी लागते आणि एके-२०३ ला ७.६२ × ३९ मिमी. शेवटच्या दोहोंत ‘७.६२’ हा आकडा समान असला, तरी एकाचे काडतूस दुसरीत चालत नाही. म्हणजे तीन प्रकारचे उत्पादन, तीन साठे आणि चुकीची पेटी चुकीच्या चौकीवर पोहोचू नये म्हणून तिहेरी दक्षता. हा भार वरणगाव आणि खडकी येथील दारूगोळा कारखान्यांपासून थेट सीमेवरच्या चौकीपर्यंत पोहोचतो. तो सैनिकाच्या पाठीवरही पडतो: ५.५६ चे एक काडतूस सुमारे १२ ग्रॅमचे, तर ७.६२ × ५१ चे सुमारे २४ ग्रॅमचे असते. शंभर काडतुसे घेऊन चढण चढणाऱ्याला सव्वा किलोचा हा फरक कोणत्याही लेखापरीक्षकापेक्षा लवकर कळतो.

सुटे भाग, दुर्बिणी, साफसफाईची साधने, शस्त्रकारागिरांचे प्रशिक्षण हे खर्चही उघड आहेत. त्यांचा विस्तार येथे करत नाही.

सर्वांत दुर्लक्षित खर्च वेळेचा. इन्सास १९९० च्या दशकात सैन्यात आली. कारगिलच्या अतिथंडीत तिच्या मॅगझिनला तडे गेल्याच्या आणि रायफल अडकल्याच्या तक्रारी पुढे आल्या. पर्याय शोधण्यासाठी २०११ मध्ये निविदा निघाली. नळी बदलली की एकाच रायफलीतून दोन प्रकारची काडतुसे झाडता यावीत, अशी तिची अट होती. कल्पना कागदावर आकर्षक होती. चाचण्या झाल्या, वर्षे गेली आणि २०१५ मध्ये ती निविदा रद्द झाली. त्या रद्द निविदेपोटी एकही रायफल मिळाली नाही. तिची किंमत मात्र सैनिकांनी जुन्याच शस्त्रावर काढलेल्या वर्षांत मोजली गेली. प्रस्तुत लेखकाच्या मते २०१९ ची तातडीची आयात हे त्या विलंबाचेच बिल होते. कोरव्याच्या उपक्रमाचे उद्घाटनही २०१९ मध्येच झाले, परंतु बोलणी लांबत गेली आणि मुख्य करारावर सही व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडला.

आपल्या खरेदीपद्धतीत साधारणतः तांत्रिक कसोटीला उतरलेल्यांपैकी सर्वांत कमी बोली लावणाऱ्यास कंत्राट मिळते. नियम स्वच्छ आहे, कारण त्यात मर्जीला वाव कमी राहतो. पण तो प्रामुख्याने आजची किंमत मोजतो. पुढील वीस वर्षांची काडतुसे, दुरुस्ती आणि विलंब त्या बोलीत पूर्णपणे उतरत नाहीत.

स्वयंअध्ययनासाठी : ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी ७३,००० सिग ७१६ रायफलींचा करार सुमारे ८३७ कोटी रुपयांना झाला. एका रायफलीचा दर काढा आणि २०१९ च्या दराशी ताडून पाहा. ‘रायफल महागली’ असे विधान करण्यापूर्वी कोणती माहिती हाती असायला हवी, ते सुमारे १५० शब्दांत लिहा. रुपया आणि डॉलर यांच्या विनिमय दराचा विचार करण्यास विसरू नका.