उंबरठ्याबाहेरची राष्ट्रे

१९३१ साली इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चार देशांच्या रग्बी संघटनांनी फ्रान्सला वाळीत टाकले. फ्रेंच क्लब आपल्या खेळाडूंना गुपचूप वेतन देतात आणि त्यांच्या मैदानांवर दांडगाईला धरबंध उरलेला नाही, असा त्यांचा आक्षेप होता. आणि शुद्ध हौस हेच ज्या काळी या खेळाचे धर्मशास्त्र मानले जाई, त्या काळी याहून गंभीर आरोप संभवत नव्हता. फ्रान्सने मग त्या चौघांच्या दारी तिष्ठत न बसता इटली, जर्मनी, रुमानिया आदी देशांना सोबत घेऊन १९३४ मध्ये ‘फिरा’ नावाचा स्वतंत्र संघ स्थापन केला. यथावकाश समेट झाला, महायुद्ध संपल्यावर १९४७ पासून फ्रान्स पंचराष्ट्रीय स्पर्धेत पुन्हा रुजू झाला. परंतु संघ मोडला नाही. त्याचे नाव आणि घटना बदलत गेली, २०१४ मध्ये तो ‘रग्बी युरोप’ झाला, आणि त्याची जी प्रमुख स्पर्धा २०१७ पासून ‘रग्बी युरोप चॅम्पियनशिप’ या नावाने खेळली जाते, तिला युरोपातील दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा म्हणण्याचा प्रघात आहे. खेळाच्या दर्जापुरते हे वर्णन यथार्थ असेल; न्यायाच्या दृष्टीने पाहता मात्र या दुसऱ्या श्रेणीपासून पहिलीने पुष्कळ काही शिकावे, असे माझे मत आहे.

स्पर्धेची रचना साधी आहे. २०२३ पासून तीत आठ राष्ट्रे असतात. चार-चारांचे दोन गट, मग उपांत्य सामने आणि अंतिम सामना, असा क्रम फेब्रुवारी-मार्चच्या थंडीत, नेमक्या सिक्स नेशन्स या पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे पूर्वीच्या पंचराष्ट्रीय, स्पर्धेच्या दिवसांतच पार पडतो. जॉर्जिया, रुमानिया, पोर्तुगाल आणि स्पेन हे तिचे चार खांब. बेल्जियम, नेदरलंड्स, जर्मनी यांसारखे देश त्यांच्या मागून येणारे. तिच्याखाली ‘ट्रॉफी’ आणि त्याखाली ‘कॉन्फरन्स’ अशा आणखी पायऱ्या आहेत. दोन वर्षांच्या कामगिरीची बेरीज करून तळाला राहील त्याने खाली उतरावे आणि खालच्या पायरीवर जो अग्रभागी येईल त्याने वर चढावे, हा येथील शिरस्ता आहे. आणि तो राष्ट्राचे नाव, इतिहास किंवा तिजोरी पाहून बदलत नाही.

वरच्या मजल्यावर हा शिरस्ता नाही. सिक्स नेशन्समध्ये कोणी उतरत नाही आणि म्हणून कोणी चढतही नाही. सहा संघटनांची ती जणू वतनदारी आहे. तिचे दार शेवटचे उघडले ते २००० साली, इटलीसाठी, आणि तेही इटलीने आपला हक्क मैदानावर शाबीत केल्यानंतर : मार्च १९९७ मध्ये फिराच्याच चषकाच्या अंतिम सामन्यात, ग्रेनोबल येथे, त्याच हंगामात पंचराष्ट्रीय स्पर्धेतील चारही प्रतिस्पर्ध्यांना नमवून आलेल्या फ्रान्सला इटलीने ४०-३२ असे हरवले होते. त्यानंतर ते दार बंद झाले. पुढे २०१५ ते २०२२ या काळात इटलीने त्या स्पर्धेत लागोपाठ ३६ सामने गमावले, तरी तिच्या जागेला धक्का लागला नाही. इटलीच्या चिकाटीविषयी मला आदरच आहे. प्रश्न इटलीचा नसून, त्याच काळात उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या एका देशाचा आहे.

तो देश जॉर्जिया. काळ्या समुद्राजवळच्या गुरिया प्रांतात शुखुती नावाचे गाव आहे. तेथे ईस्टरच्या दिवशी ‘लेलो’ नावाचा प्राचीन खेळ खेळला जातो. चामड्याच्या चेंडूत माती भरून तो शिवतात, आणि त्याचे वजन सुमारे सोळा किलो भरते. गावाचे दोन अर्धे त्या चेंडूसाठी एकमेकांना भिडतात, आपापल्या बाजूच्या ओढ्यापलीकडे तो नेण्यासाठी शेकडो माणसांचा एकच गोळा तासन् तास पुढेमागे सरकत राहतो, आणि जिंकणारे तो चेंडू गावातील एखाद्या मृत आप्ताच्या थडग्यावर नेऊन ठेवतात. ज्या मातीत हा खेळ मुरलेला होता तेथे १९५९ साली झाक हस्पेकियान या फ्रान्समध्ये वाढलेल्या आर्मेनियन गृहस्थाने तिबिलिसीच्या तरुणांना रग्बी शिकवायला आरंभ केला, तेव्हा बी परके असले तरी जमीन आधीच नांगरलेली होती. राष्ट्रीय संघाला आजही लोक ‘लेलो’च म्हणतात.

जॉर्जियाचे सामर्थ्य पाहावे ते स्क्रममध्ये. आठ गडी एकीकडे, आठ दुसरीकडे. पहिल्या रांगेत तिघे, मध्ये हूकर आणि त्याला दोन्ही बाजूंनी पेलून धरणारे प्रॉप. पंच ‘क्राउच’, ‘बाइंड’, ‘सेट’ असे तीन शब्द उच्चारतो आणि प्रत्येक बाजूचे आठशे-नऊशे किलो वजन एकमेकांवर येऊन आदळते. दुरून पाहणाऱ्यास ही निव्वळ रेटारेटी वाटते. वस्तुतः पाठीचा कणा जमिनीशी समांतर ठेवून, गुडघ्यांचा कोन न मोडता, शेजाऱ्याच्या खांद्यातून येणारा जोर आपल्या मानेतून पुढे पोहोचवण्याची ती कसोशीची विद्या आहे, आणि आठांपैकी एकाचा पाय घसरला तरी उरलेल्या सातांचे बळ व्यर्थ जाते. सोव्हिएत राज्य कोसळल्यानंतरच्या हलाखीत या देशाने जुन्या ट्रॅक्टरांचे सांगाडे जोडून स्क्रमच्या सरावाची यंत्रे बनवली, आणि त्यांवर तयार झालेले प्रॉप पुढे फ्रान्सच्या क्लबांनी पारखून नेले. २०१८ पासून २०२५ पर्यंत सलग आठ वर्षे ही चॅम्पियनशिप जॉर्जियाकडेच राहिली. २०२२ साली तर जुलैत बातुमी येथे इटलीला २८-१९ आणि नोव्हेंबरात खुद्द कार्डिफमध्ये वेल्सला १३-१२ असे हरवून त्याने वरच्या मजल्यावरील दोन घरांना आपली दखल घ्यायला लावली. फळ काय मिळाले? पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा तीच दुसरी श्रेणी.

रुमानियाची कथा याच्या उलट दिशेने जाते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या या देशाने १९६० मध्ये फ्रान्सला आणि १९८३ मध्ये वेल्सला बुखारेस्टमध्ये हरवले, आणि १९८८ मध्ये कार्डिफला जाऊन वेल्सला पुन्हा हरवले. त्या काळी हा संघ पंचराष्ट्रीय स्पर्धेत घेण्यास सर्वथैव पात्र होता. तथापि कोणी घेतला नाही. खेळाडूंना स्तेआउआ हा लष्कराचा आणि दिनामो हा गृहखात्याचा क्लब पोसत असे. १९८९ च्या क्रांतीत फ्लोरिका मुरारियू हा लष्करी अधिकारी असलेला नामवंत खेळाडू गोळी लागून मरण पावला, आणि सरकारी आश्रय आटल्यावर एकेकाळचे ते वैभव ओसरत गेले. योग्य वेळी न उघडलेल्या दाराची किंमत काय असते, हे रुमानियाकडे पाहून कळते.

जॉर्जिया आणि रुमानिया यांच्यात २००२ पासून जो चषक खेळला जातो त्याला अंतिम इविरेआनुल या धर्मगुरूचे नाव आहे. जॉर्जियात जन्मलेला हा मनुष्य गुलाम म्हणून कॉन्स्टँटिनोपलला आला, तेथून वालाकियाच्या राजाच्या आश्रयाने रुमानियन भूमीत स्थायिक झाला, मुद्रणकलेत निष्णात होऊन त्याने रुमानियन, ग्रीक आणि अरबी ग्रंथ छापले, पुढे तेथील सर्वोच्च धर्मपीठावर चढला, आणि १७१६ मध्ये हद्दपारीच्या वाटेवर तुर्की शिपायांकडून मारला गेला. तिबिलिसीत १७०९ साली निघालेला पहिला छापखानाही त्याच्याच शिष्याने उभारला. सिक्स नेशन्समध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्यासाठी झुंजतात तो चषक आपल्याला जवळचा आहे : १८७८ मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब बरखास्त झाला, तेव्हा त्याच्या शिलकीतील चांदीचे रुपये वितळवून तो घडवला, आणि त्याचे तीन कान फणा काढलेल्या नागांचे आहेत. तो चषक साम्राज्याची आठवण सांगतो, तर अंतिमचा चषक दोन देशांना अक्षरांनी जोडणाऱ्या एका पोरक्या माणसाची; आणि प्रतिष्ठेत पहिला मोठा असला तरी अर्थाने दुसरा मुळीच उणा नाही.

या स्पर्धेचे सारेच उजळ आहे असे नव्हे. तिच्यातूनच विश्वचषकाची वाट जाते आणि ती वाट अरुंद असल्यामुळे दप्तरातील एका चुकीने राष्ट्राची चार वर्षांची मेहनत पाण्यात जाते. मार्च २०१८ मध्ये ब्रुसेल्स येथे स्पेन बेल्जियमकडून १८-१० असा हरला. स्पेनच्या पराभवाचा लाभ रुमानियाला मिळणार असताना सामन्याचे पंच मात्र रुमानियन होते, ही नेमणूक करणाऱ्यांची अक्षम्य बेफिकिरी होती. त्यावरून उठलेल्या तक्रारींच्या चौकशीत स्पेन, बेल्जियम आणि खुद्द रुमानिया या तिन्ही संघांनी अपात्र खेळाडू उतरवल्याचे सिद्ध झाले, तिघांचे गुण कापले गेले आणि विश्वचषकाला रशिया गेला. २०२२ मध्ये स्पेनवर तोच प्रसंग पुन्हा ओढवला. त्यातून पोर्तुगालला संधी मिळाली, आणि त्याच पोर्तुगालने २०२३ च्या विश्वचषकात तुलूझ येथे फिजीला २४-२३ असे नमवून आपला पहिला विजय नोंदवला. स्पेनला मात्र १९९९ नंतर पुन्हा पात्र ठरण्यासाठी २०२५ उजाडावे लागले.

सिक्स नेशन्सच्या कारभाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. प्रक्षेपणाच्या उत्पन्नावर त्यांच्या देशांतील क्लब, शाळा आणि मैदाने चालतात. एका वाईट हंगामापायी ते उत्पन्न बुडाले तर जुनी परंपरा उन्मळेल, ही त्यांची धास्ती खोटी नाही. म्हणून कोणी सरसकट पदच्युतीची मागणी करू नये. वरच्या श्रेणीतील शेवटच्या संघाने खालच्या श्रेणीतील पहिल्या संघाशी दोन सामने खेळावे, एक स्वतःच्या आणि एक त्याच्या मैदानावर, आणि खाली उतरणाऱ्यास काही वर्षे उत्पन्नाचा ठरावीक वाटा मिळत राहावा, इतकी तडजोड पुरेशी आहे.

खालच्या घरात याहून कठोर नियम आज अमलात आहे. २०२३ आणि २०२४ च्या बेरजेत पोलंड तळाला राहिला, तो उतरला. ट्रॉफीतून स्वित्झर्लंड वर आला आणि २०२५ मध्ये जॉर्जिया, स्पेन यांच्या पंक्तीला खेळला. पोलंडचे रग्बी त्यामुळे बुडाले नाही, स्वित्झर्लंडचे मात्र वाढले. ज्यांच्याकडे पैसा थोडा, प्रेक्षक थोडे आणि गमावण्यासारखे पुष्कळ, ती राष्ट्रे हा धोका दर दोन वर्षांनी पत्करतात. मग ज्यांच्याकडे सर्व काही आहे त्यांनी तो एकदाही न पत्करणे हे त्यांच्या परंपरेला शोभत नाही, आणि ही गोष्ट त्यांना कोणी तरी स्पष्टपणे, वारंवार सांगत राहिले पाहिजे.