पाणचक्कीचा हौद आणि काँप्युटरचा रेडिएटर

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत मोठ्या हौदाखाली एक दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचं छत. मे महिन्यात बाहेर ऊन मी म्हणत असतं, पण आत पाऊल टाकलं की जीव शांत होतो. हे पाणी तिथवर नेलं ते आमच्या हर्सूलकडून, जमिनीखालच्या खापराच्या नळांतून. पहिल्या वॉटरकूलिंगचे भाग निवडताना मला सारखा तो हौद आठवत होता.

काँप्युटरमध्ये प्रोसेसरवर तांब्याचा वॉटर ब्लॉक बसतो. त्याच्या पोटात अगदी बारीक खाचा असतात. पंप त्यांतून पाणी ढकलतो, पाणी उष्णता घेऊन रेडिएटरकडे जातं आणि पंखे ती खोलीच्या हवेत सोडतात. पुण्याच्या ‘आयसर’मधला ‘परम ब्रह्म’ महासंगणकही द्रवानेच थंड ठेवतात. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाण्यात सुमारे ३,५०० पट उष्णता मावते. पण पाणी ती फक्त वाहून नेतं, जिरवत नाही. आमच्याकडे मेमध्ये खोली ३६ अंशांवर असेल, तर लूपमधलं, म्हणजे या बंद चक्रात फिरणारं पाणी त्याहून गार होणारच नाही. थंड देशांतल्या चाचण्यांचे आकडे इथे लागू करू नयेत.

म्हणून पहिला पैसा रेडिएटरवर घालावा. दुकानात नजर दिवे लावलेल्या पाण्याच्या टाकीवर जाते. ती शेवटी घ्यावी. १२५ वॅटचा प्रोसेसर आणि ३०० वॅटचं ग्राफिक्स कार्ड असेल, तर मी ३६० मिमीचा एक आणि २४० मिमीचा एक, असे दोन रेडिएटर घेईन. त्याआधी कॅबिनेट टेपने मोजावं. रेडिएटरच्या जाडीत पंख्याचे २५ मिमी मिळवायला बरेच जण विसरतात.

पाणी आधी कोणत्या भागाकडे जावं, यावर डोकं शिणवू नये. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरलं, तर हे ४२५ वॅट उचलून ते एका फेरीत जेमतेम दीड अंश तापतं. टाकी मात्र पंपाच्या वरच हवी, कारण कोरडा चालला की पंप जातो.

धातूंच्या बाबतीत तडजोड नको. तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा एकत्र नांदतात. त्यांत ॲल्युमिनियमचा रेडिएटर आला की ते गंजायला लागतं. नळी पहिल्या वेळी मऊ रबरी घ्यावी. १०/१६ म्हणजे आतून १० आणि बाहेरून १६ मिमी. फिटिंगही त्याच मापाचं लागतं. बोअरच्या पाण्याने पातेल्याला पांढरा थर धरतो, तसाच तो ब्लॉकच्या खाचांत धरेल. त्यामुळे तयार कूलंट, नाहीतर डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक. सगळ्यांत खाली पाणी काढायची तोटीही बसवावी. मलिक अंबरने आमच्या शहरात पाणी आणायला बांधलेल्या नहरीलाही सफाईसाठी ठिकठिकाणी उतरायची तोंडं ठेवलेली होती.

जोडणी झाल्यावर मी बाकी कशालाही वीज न देता नुसता पंप चोवीस तास चालवला आणि प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर अंथरला. सकाळी ग्राफिक्स कार्डाजवळचा कागद रुपयाएवढा ओला होता. फिटिंग उघडलं, तर आतली रबरी रिंग पीळ पडून चिरलेली. नवी रिंग घातली, कागद बदलले आणि पंप पुन्हा चोवीस तासांसाठी लावला.