टोपीच्या आकाराचा कोळी

दिवाळीच्या आधी घर झाडताना आपण कुंच्याने कोळिष्टके ओढून काढतो. त्या वेळी हा कोळी कोणता, असे कोणी विचारीत नाही. नाग, घोणस, मण्यार, धामण ही नावे देवगाव फाट्यावरचे शाळकरी पोरही सांगेल. पण कोळ्याला मात्र आपण एकच नाव दिले, आणि तेही मासे धरणाऱ्या माणसाबरोबर वाटून घ्यायला लावले! शास्त्राच्या नोंदीत २०२२ सालीच कोळ्यांच्या जातींचा आकडा ५०,००० च्या वर गेला. त्यांतला एक, आपल्याच सह्याद्रीतला, मी आज निवडला आहे.

कर्नाटकात, सह्याद्रीच्या मध्यभागात, ‘कान’ म्हणून ओळखली जाणारी राने आहेत. आपल्याकडच्या देवराया डोळ्यांपुढे आणाव्यात. तेथे जावेद अहमद, राजश्री खळप आणि सुमुख या अभ्यासकांना एक कोळी आढळला. लांबी जेमतेम ७ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढी. रंग वाळक्या पानाचा. पोटाचा भाग निमुळता होत जाऊन टोकाशी वाकलेला, एखाद्या जादूगाराच्या जुन्या टोपीसारखा. हा निशाचर प्राणी. दिवसा तो पाय आखडून बसला की सुकून गुंडाळलेले पान आणि तो यांत फरक करणे कठीण. पाखरू फसते, तसा माणूसही फसतो. मग तो इतकी वर्षे कोणाच्या नजरेस पडला नाही, यात नवल ते काय?

पण दिसला म्हणजे तो नवा ठरला, असे नाही. येथेच खरे काम सुरू होते. कोळ्याच्या रंगावर विसंबता येत नाही. एकाच जातीत रंग बदलतात, आणि मद्यार्कात ठेवल्यावर ते फिकेही पडतात. जात ओळखायची खूण असते ती जननेंद्रियांत. नराच्या तोंडापाशी पायांसारखे दिसणारे दोन आखूड अवयव असतात, त्यांची टोके गाठीसारखी फुगलेली. मादीच्या पोटाखाली एक कठीण पट्टी असते. या अवयवांची घडण जातीजातीला निराळी असते, म्हणून ढोबळ मानाने कुलूप आणि किल्ली यांची उपमा देतात. शेवटची कात टाकून कोळी वयात आल्यावरच हे अवयव पूर्ण होतात. तेव्हा पोरसवदा कोळी हाती लागला तर मोठमोठे पंडितही मान हलवून गप्प बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे सारे मोजायचे, चित्रे काढायची, जुन्या ग्रंथांतील वर्णनांशी ताडून पाहायचे आणि नमुना जपून ठेवायचा, म्हणजे पुढच्या माणसाला शंका आली तर तो काढून पाहता यावा.

जुने ग्रंथ म्हटले की भारतात बी. के. टिकादर यांचे नाव घ्यावे लागते. पुण्याच्या प्राणिसर्वेक्षण कार्यालयात त्यांनी वर्षानुवर्षे कोळीच पाहिले. आपला टोपीवाला ज्या ‘एरिओव्हिक्सिया’ प्रजातीत बसतो, तिच्यातल्याच एका जातीला त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने १९८१ साली पुण्याचे नाव दिले होते.

टोपीवाल्याचे वर्णन २०१६ साली प्रसिद्ध झाले. नाव ठेवले ‘एरिओव्हिक्सिया ग्रिफिन्डोरी’. हॅरी पॉटरच्या इंग्रजी गोष्टींत एक बोलकी टोपी आहे. तिच्या मूळ मालकाचे नाव ग्रिफिन्डोर. मुलांच्या गोष्टीतले नाव शास्त्रात कशाला, असे काही वडीलधारे म्हणतील. मला विचाराल तर त्यात वावगे काही नाही. ज्यांनी कोळ्याकडे कधी ढुंकून पाहिले नसते, त्यांनी या नावामुळे पाहिले. नाव देण्याला नियम आहेत, पण थट्टेला त्यांत मज्जाव नाही, आणि कृतज्ञतेलाही नाही. २०२१ साली ठाणे-कल्याण भागातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला ‘इसियस तुकारामी’ असे नाव मिळाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हातात केवळ लाठी असताना हल्लेखोराची बंदूक धरून ठेवणारे आणि गोळ्या झेलून प्राण देणारे पोलीस तुकाराम ओंबळे, त्यांचे हे स्मरण.

नावावाचून अडते कोठे? अडते ते असे, की ज्याची नोंद नाही त्याचा नाशही नोंदला जात नाही. रान तुटले, तर त्याबरोबर काय गेले याचा जबाब कोणापाशी नसतो. आणि हे सह्याद्रीपुरतेच नाही. आपल्या कपाशीत, तुरीत कोळी असतात; पिकावरचे किडे हेच त्यांचे अन्न. कीटकनाशकाचा पंप पाठीवर घेऊन आपण सरीतून जातो, तेव्हा किडीबरोबर हा फुकटचा राखणदारही मरतो. जिंतूरच्या डोंगरात वाळक्या पानांवर कोण बसले आहे, हे तर विचारूच नका.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. २०१६ च्या त्या वर्णनात फक्त मादी आहे. तिच्या जोडीचा नर कसा दिसतो, हे त्या लेखात कोरेच आहे.